मोळीवरचा दगड

मुरबाड, ११ जानेवारी २०२५

आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं तुझ्या डोळ्यांना सोसत नाहीत, म्हणून पुन्हा कागद घेतला. तुझ्याच शाळेत गिरवलेलं अक्षर आता औषधांची नावं लिहून बिघडलंय. तेवढं चालवून घे.

मंगळवारी उपकेंद्रात लसीकरण होतं. बाहेर बायकांच्या चपलांचा ढीग. निघताना एकीची चप्पल सापडेना, तेव्हा दुसरी हसून म्हणाली, "लहानीनं नेली गो तुझी." सगळ्या हसल्या. मी विचारलं, लहानी कोण? ती म्हणाली, "कोन म्हंजे? कोन नाय. काय हरवलं का म्हन्तात आमच्याकडं तसं."

मुलगी आपल्याच गावची निघाली, मालूकाकीची नात. इकडे लग्न होऊन तीन वर्षं झाली आणि येताना तो शब्दही घेऊन आली. लहानी ही खरीखुरी बाई होती असं मी सांगितलं, तर तिला ते खरं वाटेना. चप्पल कुत्र्याने बाकाखाली ओढली होती.

मी लहानीला पाहिलंय, आत्या. वरच्या वाडीतली. आसनगावला मोळी विकून परत जाताना आपल्या ओट्यावर पाणी प्यायची आणि तांब्या पालथा घालून ठेवायची. मी सात वर्षांची असताना ते भांडण झालं. बाबांनी रानात तोडलेली मोळी आंब्याच्या वळणावर ठेवली, वर खुणेचा दगड ठेवला, आणि लहानीने ती नेली. आपल्याकडे दगड ठेवलेल्या मोळीला कोणी हात लावत नाही, घरात चूल पेटत नसली तरी. बिनदगडाची मोळी मात्र कोणीही न्यावी. लहानी म्हणत होती, दगड नव्हताच. बाबांनी गावदेवीवर हात ठेवून सांगितलं, होता. गावाने बाबांचं ऐकलं. त्या वर्षापासून तिला कोणी लावणीला बोलावलं नाही, आणि ती गाव सोडून गेली.

तिने खरंच दगड काढून टाकला होता का? तुला काय वाटतं? चैत्र पौर्णिमेला गाव देवळात जमेल तेव्हा हा विषय काढायचं माझ्या मनात आहे.

सरिता


कातळपाडा, ता. शहापूर, १९ जानेवारी

सरिता, बाळ,

पत्र पोचलं. अक्षर बिघडलेलं नाही, फक्त घाईत आहे. तू लहानपणीही तशीच होतीस.

तुझा विषय वाचला आणि सरळ सांगते, काढू नकोस. लहानी १९९६ च्या श्रावणात उंबरमाळीला तापाने गेली. नवरा आधीच गेलेला. मूल नाही, भाऊ नाही, ज्या बहिणीकडे राहत होती तीही गेली. तिच्या नावाने पाणी सोडणारं कोणी नाही. मग तू न्याय कोणाला देणार? मी तेहतीस वर्षं फळ्यावर वजाबाकी शिकवली. ज्यातून वजा करायचं ती संख्याच नसेल, तर गणित मांडता येत नाही. दुःख व्हायला माणूस लागतं, अपमान व्हायलाही लागतं. माणूस संपलं की त्याच्यावरचा अन्यायही संपतो. चूल विझल्यावर धूर कुठे राहतो?

आणि त्या पोरी 'लहानीनं नेलं' म्हणतात, त्यात त्यांच्या मनात कोणी बाई नसते. तूच लिहिलंस तसं. म्हणजे शिवी देणाऱ्याला ठाऊक नाही आणि जिला दिली ती नाही. राहिलं काय? नुसता आवाज. तो तर मला ऐकूही येत नाही.

महिपतदादाला शहात्तरावं लागलंय. देवीवर हात ठेवून बोललेला माणूस आहे. त्याला या वयात देवळात उभं करू नकोस.

यंदा वाल चांगला आलाय. होळीला आलीस की नेशील.

आत्या


मुरबाड, २ फेब्रुवारी

आत्या,

वालाला होय, बाकीच्याला नाही.

दर आठवड्याला मी शाळेत जाऊन मोठ्या मुलींना लोहाच्या गोळ्या देते. सातवीतली काजल गोळी जिभेखाली लपवते, मग मी समोर उभी राहून तिला गिळायला लावते. तिच्या रक्तासाठी तर आहेच. पण उद्या तिला मूल होईल, ते अशक्त होऊ नये म्हणूनही आहे. ते मूल आज कुठेच नाही. पोटात नाही, कोणाच्या मनातही नाही. तरी मी गोळी दिली नाही तर त्याच्याशी चुकले असं मला वाटतं. अजून न आलेल्याशी आपण बरंवाईट वागू शकतो, तर गेलेल्याशी का नाही?

आणि एक. लहानी श्रावणात गेली, तापाने गेली, बहीणही गेली. हे तुला इतकं नेमकं कसं माहीत? गावात मी तीन जणांना फोन केले. ती मेली हेदेखील एकालाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांचं मला फार थोडं आठवतं. बाबा जेवले नव्हते. वरच्या वाडीची बुधी अंगणात येऊन काहीतरी बोलून गेली आणि आईने दार लावलं. आणि त्याच सुमाराला माझ्या भातुकलीतला पाटा हरवला होता, म्हणून मी रडत होते. खराखुरा पाटा होता तो, टाकीचे ठोके असलेला. मला कुठून मिळाला कोण जाणे. मग तू शहापूरच्या बाजारातून लाकडी पोळपाट आणून दिलास. सात वर्षांच्या मुलीला जगाचं दुःख तेवढंच.

तुझी सरिता


कातळपाडा, १२ फेब्रुवारी

बाळ,

आठ दिवस चक्कर येत होती, म्हणून उशीर. घाबरू नकोस. दादाने आसनगावला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या चालू आहेत, आणि त्या मी जिभेखाली लपवत नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आत्ता देत नाही. त्यापेक्षा एक काम सांगते, ते ध्यानात ठेव. माझ्या खाटेखाली पत्र्याची पेटी आहे. मी गेल्यावर ती तूच उघड, दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नकोस. आत माझ्या वह्या आहेत. त्या न वाचता जाळ. वाचायच्या नाहीत म्हणजे नाहीत, एक ओळही नाही. त्यांच्या खाली फडक्यात एक वस्तू आहे, ती खाडीत नाहीतर नदीत सोड. कुठेही सोड, पण गावात ठेवू नकोस.

एवढा शब्द दे.

आत्या


मुरबाड, २० फेब्रुवारी

आत्या,

शब्द देते. आणि आता तुलाच विचारते, हा शब्द मी कोणाला दिला?

तू नसशील तेव्हा मी पेटीपाशी बसेन. वह्या हातात असतील. तुझ्याच म्हणण्याप्रमाणे तेव्हा लाज वाटायला तू नसशील, रागावायला नसशील. मग मी सगळ्या वह्या वाचल्या तर काय बिघडलं? बिघडेल, हे तुलाही माहीत आहे. म्हणून तर आत्ता सांगून ठेवते आहेस. स्वतःसाठी तू जे मागतेस ते लहानीला का नाही देत?

आता जे लिहिते आहे ते चार दिवस पोटात ठेवलं होतं. मला आणखी एक आठवलं. पेंढ्याच्या उडवीमागून तू येत होतीस, पदराखाली काहीतरी जड धरलेलं. मी मागे आले तर तू पहिल्यांदाच माझ्यावर ओरडलीस. हे भांडणाच्या दिवसांतलंच. तुला तिच्या मरणाचा महिना माहीत आहे. पेटीत फडक्यात बांधलेली वस्तू आहे, ती नदीत सोडायची आहे.

आत्या, तो दगड तू काढलास का? बाबांशी तुझं तेव्हा काही बिनसलं होतं का? आईशी? मी तुला दोष देत नाही. पण असेल तर मला सांग. मी गावापुढे तुझ्या शेजारी उभी राहीन.

सरिता


कातळपाडा, १ मार्च

सरिता,

तू मला हरवलंस. पेटीचं मी लिहायला नको होतं.

दगड माझ्याकडे आहे. पण तो मी काढला नव्हता.

देवळात निवाडा झाला त्यानंतर चार दिवसांनी मी गुरांसाठी पेंढा काढायला उडवीमागे गेले. तिथे तू भातुकली मांडली होतीस. झेंडूच्या पाकळ्यांची चटणी वाटत होतीस. खाली जो पाटा होता तो आमच्या आईच्या फुटलेल्या पाट्याचा तुकडा. दादाने खुणेला मुद्दाम तोच घेतला होता, कोणीही ओळखावा म्हणून. तो कुठे मिळाला असं मी विचारलं. तू मान वर न करता म्हणालीस, "वळणावरच्या मोळीवर व्हता. मोळीला कशाला पाटा?"

गावात त्या चार दिवसांत दगड, दगड एवढंच चाललं होतं. पण तुझ्यासाठी तो दगड नव्हता. बोरं वेचायला गेलीस, खेळायला पाटा दिसला, आणलास. तुझ्या मागून लहानी आली. तिला बिनखुणेची मोळी दिसली. ती उचलून सरळ आसनगावला गेली. दादा खरं बोलला. तीही खरं बोलली.

तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी तो पदराखाली घेतला. म्हटलं, दोन दिवसांनी दादाला एकट्याला सांगेन. मग वाटलं, देवीवर हात ठेवलेल्या माणसाला काय सांगू? आणि तुला गाव काय म्हणेल? आपल्याकडे एकदा नाव पडलं की पुसत नाही, हे तर समोरच दिसत होतं. ते तुझ्यावर पडू नये म्हणून तिच्यावर राहू दिलं. दोन दिवसांची सात वर्षं झाली. मग एकदा सुट्टीत उंबरमाळीला उतरले, विचारत विचारत तिच्या बहिणीचं घर शोधलं. महिनाच झाला होता तिला जाऊन. बहिणीने मला कोरा चहा दिला. मी कोण ते मी सांगितलं नाही.

माणूस संपलं की अन्याय संपतो, हे त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी स्वतःला शिकवलं. तुला जानेवारीत शिकवलं ते तेच. तुला पटलं नाही. मलाही एकोणतीस वर्षांत पटलेलं नाही.

आता गप्प राहा. तुझ्यासाठी मी हे केलं, ते वाया घालवू नकोस.

आत्या


मुरबाड, ४ एप्रिल

आत्या,

महिनाभर लिहिलं नाही. होळीलाही आले नाही. रागावले नव्हते. कोणावर रागवायचं तेच सापडत नव्हतं.

रोज कामाला जाते, वजनं घेते, टोचते, आणि मनात एकच घोळतं. मला ठाऊक नव्हतं, म्हणजे माझा गुन्हा नाही. बाबा खोटं बोलले नाहीत. गावाने ऐकलं ते खरं बोलणाऱ्याचं. आणि जिच्यावर सगळं पडलं ती नाही. करणारं कोणी नाही, सोसणारंही कोणी उरलं नाही. तरी ते आहे. दोन्हीकडचे खांब काढले आणि वरचं आडवं लाकूड तसंच अधांतरी राहिलंय, असं काहीसं. मी खूप प्रयत्न केला ते पडतंय का बघायचा. पडत नाही.

म्हणून मी सांगणार आहे. बारा एप्रिलला, देवळात, पंगतीआधी.

भीती वाटत नाही असं नाही. वरच्या वाडीच्या दोन मुली या बाजूला दिलेल्या आहेत. त्यांची बाळंतपणं मी केली. ऐकल्यावर त्या माझ्याकडे येतील का, माहीत नाही. बाबा माझ्याशी बोलतील का, तेही माहीत नाही. तुझं नाव मी घेणार नाही. दगड मी उचलला, एवढंच सांगेन. पुढचं विचारलं तर आठवत नाही म्हणेन. तेही खरंच आहे.

तू माझ्यासाठी जे केलंस ते वाया गेलं नाही. त्या सात वर्षांच्या मुलीला तू वाचवलंस. आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे. मला वाचवू नकोस.

सरिता


मुरबाड, १५ एप्रिल

आत्या,

तू समोरच बसली होतीस, पण ऐकू आलं नसेल, म्हणून कोण काय बोललं ते लिहून पाठवते. मला सगळं जसंच्या तसं आठवतंय.

मी दोन वाक्यांतच सांगितलं. लांबवलं असतं तर रडले असते. मग गोमाकाका हसले आणि म्हणाले की सात वर्सांच्या पोरीचा कसला गुना, आनि मेल्याला कसला न्याय, चला, भात निवतोय. दोघंतिघं उठलेसुद्धा. एकाने लगेच विचारलं की देवळाच्या वर्गणीसारखी मागल्या निवाड्याचीही पावती मिळेल का, आणि मागे हशा झाला. मालूकाकी म्हणाली, शिकलेल्या पोरींना बसून काय सुचंल ते सुचतं.

तेवढ्यात तू उठलीस. तू पिशवीतून फडकं काढलंस, ते सोडलंस आणि दगड पायरीवर ठेवलास. तू येशील, आणि तो घेऊन येशील, हे मला ठाऊक नव्हतं. तू काय बोललीस ते तुला ठाऊक आहे, पण किती मोठ्याने बोललीस ते नाही. बाहेरच्या वाजंत्रीवाल्यांपर्यंत गेलं. "मला म्हाईत व्हतं. छत्तीस वरसं म्हाईत व्हतं." शाळेतली आत्या अशी बोलताना मी कधी ऐकली नव्हती.

गोमाकाका परत म्हणाले, "बरं, पन ती आता हाय कुठं ऐकाया?"

वरच्या वाडीची बुधी दाराबाहेर बसली होती. आत न येता तिथूनच बोलली.

"नाय ना ती. मंग तिला काय सांगू नुका. तुमच्या तोंडात हाय ना ती, तवा तोंडातनं काडा."

यावर कोणी हसलं नाही. पण कोणी होयही म्हणालं नाही. तेवढ्यात भात वाढायला आला.

बाबांचं तू पाहिलंसच. दगडापाशी बसले, टाकीच्या ठोक्यांवरून बोट फिरवलं आणि अनवाणीच निघून गेले. मी मागे गेले तर हाताने थांबवलं. मी चपला घेऊन घरी पोचले, तर आतून कडी होती.

आज उपकेंद्रात वरच्या वाडीची एक मुलगी यायची होती, सातवा महिना आहे. आली नाही. मी तिच्या घरी जाऊन वजन घेऊन आले. तिने पाणी विचारलं नाही, पण काट्यावर उभी राहिली. पुढच्या महिन्यातही जाईन.

तुझी सरिता


कातळपाडा, ९ नोव्हेंबर

सरिता, बाळ,

भातं कापून झाली. आता हाताला वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुला सगळं कळलंच असेल असं धरून मी इतके दिवस गप्प होते. पण दिवाळीला तू आलीस तेव्हा तुला वळणाचं ठाऊक नाही असं दिसलं. तू रस्त्याने रिक्षातून आलीस.

पौर्णिमेनंतर दादा पंधरा दिवस माझ्याशीही बोलला नाही. मग एका सकाळी दारात येऊन उभा राहिला, हातात कोयता. म्हणाला, दगड दे. पायरीवरून मी परत आणून ठेवला होता, तो दिला. कुठे चाललास असं विचारलं तर त्याने उत्तर दिलं, पण तोंड दुसरीकडे करून, म्हणजे मला कळू नये म्हणून. दुपारी रिकामा परत आला. खांद्यावर खरचटलं होतं. या वयात त्याने मोळी तोडली, बांधली, आणि वळणावर आंब्याखाली ठेवून वर तो पाट्याचा तुकडा ठेवला. एवढुशी मोळी. पूर्वीच्या मानाने निम्मीही नाही.

गाव त्या वाटेने जातं येतं. पहिले काही दिवस पोरं थांबून बघायची. दादाची आहे म्हणून कोणी हात लावत नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात गोमाने दादाला विचारलं की नेत का नाहीस, भिजंल. दादा त्याला म्हणाला, माजी नाय.

पावसाळाभर ती तिथेच होती. दोर सडला, खालच्या फाट्यांना वाळवी लागली, निम्मी माती झाली. दगड एका बाजूला कलला आहे, पण वरच आहे. यंदा चुलीला सगळ्यांकडेच ओली लाकडं होती, तुला ठाऊक आहे. तरी एक फाटी हलली नाही.

'लहानीनं नेलं' बंद झालंय असं मी लिहिणार नाही. मला ऐकू येत नाही, आणि इतक्या वर्षांची सवय एका पंगतीत जात नसते. तुझ्याकडे ती मुलगी आता बाळाला घेऊन येऊ लागली का, कळव. आणि माझ्या वह्या जाळायच्याच. न वाचता. मी नसेन, तरी.

काल वळणावर बसले होते. मालूची नवी नातसून रानातून रिकामी येत होती. परगावची पोर, तिला काही ठाऊक नाही. मोळी पाहून थांबली, वाकली, दगडाला हात घालणार तोच मागून येणाऱ्या मालूने तिचा दंड धरला आणि काही बोलली. पोर दचकून मागे सरली आणि वाट सोडून मोळीला वळसा घालून गेली.

मालू माझ्यासमोरून जात होती, तिला मी थांबवलं. काय गो म्हणालीस तिला, असं विचारलं. मालूने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि सांगितलं.

"म्हटलं, हात नुको लावू. लहानीची हाय ती."

आत्या